दंडातला उंदीर

"आज मी तोंड उघडीन अन् सोयरिक पक्की होईन!" रविवारी सकाळी गुलाबराव ठवकरांनी जाहीर केलं.

"बंद ठेवलं तरच होईन," त्यांच्या पत्नी तुळसाबाई म्हणाल्या.

बाईंचं चूक नव्हतं. स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं रिपोर्ट टाइप करून गुलाबरावांना शास्त्रीय शब्दांचं मूळ खणायचा नाद लागला होता. मागच्या पाहुण्यांना त्यांनी सांगितलं, की 'व्हायरस'चा लॅटिन अर्थ विष! आणि सांगितलं कधी, तर पाहुण्यांनी चहाचा कप ओठाला लावल्यावर. पाहुणे कप तसाच ठेवून उठले, ते पुन्हा रुआबांध्यातल्या या घराकडे फिरकलेच नाहीत.

यावेळचं स्थळ मात्र त्यांच्या लेकीनं, गीतांजलीनं स्वतः पसंत केलेलं होतं. अभिनव तिच्याच ऑफिसातला. आता फक्त मोठ्यांच्या होकाराचा प्रश्न होता, आणि त्यासाठी अभिनवचे आईवडील दोघंच नंदिनी नगरहून आले होते. वडील दयारामजी चुनखडीच्या खाणीत सेफ्टी इन्स्पेक्टर होते. चौतीस वर्षं त्यांनी अपघाताची तयारी केली होती, पण त्यांच्याच शिस्तीमुळे एकही वाट्याला आला नव्हता. आई शीलाताई मोजकं बोलणाऱ्या.

पोहे आले. अर्धी बशी होईपर्यंत गुलाबराव हवापाण्यावरच बोलले. तुळसाबाईंना हायसं वाटतंय तोवर दयारामजी म्हणाले, "आमचा अभिनव रोज जिमले जाते. फोटोत मसल पाहा त्याची."

तुळसाबाईंनी डोळे मिटले.

"मसल!" गुलाबराव सरसावले. "लॅटिनमंदी मुसकुलुस! म्हंजे लहानसा उंदीर!"

"उंदीर?" शीलाताईंनी आधी बशीत आणि मग सोफ्याखाली पाहिलं.

"चामडीखाली उंदीर धावून राहिला असं वाटलं लॅटिनवाल्यायले! आपला मूषक अन् त्यायचा मुस एकाच खानदानातले. समुद्रातल्या एका शिंपल्यालेबी त्यायनं हेच नाव देल्लं."

"आमी तर बेटकुळी म्हणतो," शीलाताई म्हणाल्या. "म्हंजे बेडकी. बेडकी उडी मारते, धावत नाई."

इथं शहाण्या माणसानं हसून चटणी पुढे केली असती. पण प्रश्न लॅटिनचा होता!

"धावते! दाखवतो नं!"

उजव्या हातात बशी होती, म्हणून गुलाबरावांनी डावी बाही वर केली आणि बासष्ट वर्षांचा दंड फुगवला. काहीच दिसलं नाही. पुन्हा फुगवला.

"बेडकीबी नाई दिसून राहिली," शीलाताई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

तिसऱ्यांदा गुलाबरावांनी दातओठ खाऊन जोर लावला आणि दंडात असा गोळा आला, की बशी खाली, पोहे गालिचावर आणि गुलाबराव दिवाणावर आडवे! "आई गं!" कपाळावर घाम फुटला.

दयारामजी ताडकन उठले. अखेर तो क्षण आला होता!

"डावा हात! घाम! हार्ट हाय! कोणी घाबरू नका!" ते इतक्या जोरात ओरडले की सगळेच घाबरले. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला. का, ते विचारायची सोय नव्हती. खाणीत आधी तेच करत असत.

"अरे, गोळा..." गुलाबराव कण्हले.

"पेशंटनं बोलायचं नाई! स्ट्रेचर येईपर्यंत पेशंटले हलवायचं नाई! बाकी सारे बाहेर!"

रडणाऱ्या तुळसाबाईंसकट सगळे फाटकाबाहेर रांगेत उभे राहिले. स्ट्रेचर म्हणून शेजारच्या सिंधुताईंची बाज मागवली गेली आणि हजेरी सुरू झाली. आत बंद पंख्याखाली एकटा पेशंट उरला. गुलाबरावांना रडू येत होतं. थोडं दंडामुळे, पण जास्त पोरीसाठी. हार्ट पेशंटच्या घरात कोण सोयरिक करतो? आणि हार्ट नाही म्हणावं, तर वेड्याच्या घरात तरी कोण करतो?

"एक माणूस कमी भरून राहिला!" बाहेरून दयारामजी ओरडले.

कमी होती गीतांजली. ती स्वयंपाकघरातून येऊन बापाजवळ बसली होती.

"पापा, हाथ सीधा करो."

"बेटा, हार्ट..."

"क्रॅम्प हाय, पापा. अभिनवले जिममंदी रोज होते." तिनं कोपर धरून हात हळूहळू सरळ केला आणि दंड चोळला. गोळा विरघळला. गुलाबराव उठून बसले.

बाज घेऊन दयारामजी दारात पोचले, तेव्हा पेशंट गालिचावरचे पोहे वेचत होता. एकुलता एक अपघात हातचा गेल्यानं त्यांचा चेहरा पार उतरला.

शीलाताई शांतपणे सोफ्यावर बसल्या. "पोरगी पसंत हाय. सारे बाहेर पळाले, हे एकटी आत राह्यली. पण आमची एक मागणी हाय."

तुळसाबाईंनी पदर सावरला. "सांगा."

"लगनात इवाईबुवांनी कोणत्याच शब्दाचा अर्थ सांगायचा नाई."

सगळ्यांनी गुलाबरावांकडे पाहिलं. गुलाबरावांनी गीतांजलीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"कबूल," ते म्हणाले.

दयारामजींनी मेन स्विच लावला. पंखा फिरू लागला, तुळसाबाई पेढे आणायला आत धावल्या.

गुलाबराव दंड चोळत शीलाताईंकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "अन् साखरपुड्यात?"