हवा, इरादा आणि बंदोबस्त

गारखेड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या धानोरकर सरांसमोर 'उद्या' हा शब्द कुणी सहजासहजी काढत नसे. चुकून निघालाच, तर सर चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कसलं उद्या? हवा, इरादा की बंदोबस्त?"

सर शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रज बाकी कितीही लबाड असो, पुढच्या काळाच्या बाबतीत सरळ. त्याच्याकडे त्यासाठी क्रियापदाची वेगवेगळी रूपं असतात, आणि तो कुठलं वापरतो त्यावरून त्याच्या पोटातलं कळतं.

"आय विल कम म्हणजे हवा. आत्ता सुचलं, बोलला, सुटला. आय अ‍ॅम गोइंग टू कम म्हणजे इरादा. गडी मनाशी ठरवून बसलाय. आय अ‍ॅम कमिंग म्हणजे बंदोबस्त. कपड्याला इस्त्री झाली, समोरच्याला सांगून झालं. अन् आपला माणूस? 'येतो' म्हणतो अन् घरी झोपतो!"

चौथा एक वर्ग होता, टाइमटेबल. द ट्रेन कम्स अ‍ॅट सेव्हन. तो फक्त सूर्याला आणि रेल्वेला. पैकी रेल्वेचा सरांनी पुढे काढून घेतला.

नळ दुरुस्त करणारा बाबू एकदा म्हणाला, "उद्या येतो, सर." झाली उलटतपासणी. बाबू घाबरून म्हणाला, "पाना घेऊनच येतो ना!" पाना म्हणजे बंदोबस्त. आठवडाभर बाबूचा पत्ता नाही. सर त्याच्या घरी जाऊन थडकले. नळाबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त म्हणाले, "तुला हवेत टाकलंय." तेव्हापासून बाबू कुणालाही वेळ देताना आधीच सांगायचा, "आपलं हवेतलं हाय बरं का, लई भरवसा ठेवू नका." त्याचा धंदा उलट वाढला.

औरंगपुऱ्यातला त्यांचा शिंपी मात्र हुशार. "इन्शाल्ला कल देतूं, साब," म्हणायचा. सरांचा चष्मा जागचा हलला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ते वरच्या कोर्टातलं प्रकरण आहे. तिथं आपली हद्द नाय."

कहर झाला माझ्या नणंदेला पाहायला जालन्याची मंडळी आली तेव्हा. पोहे झाले, गाणं येतं का विचारून झालं, आणि उठता उठता मुलाचे वडील म्हणाले, "कळवतो." या एका शब्दावर किती मुलींची घरं महिनोन्‌महिने टांगून राहिली असतील! तरी रीत म्हणून आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातून आवाज आला, "कळवतो म्हणजे? हवा, इरादा की बंदोबस्त?"

माझ्या सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. सरांनी पाहुण्यांना सगळा तक्ता उदाहरणांसकट समजावला. मुलाचे वडील गोरेमोरे झाले. तेवढ्यात मुलगाच खाली बघून पुटपुटला, "इरादा आहे." त्याचे कान लालबुंद. पुढे लग्न झालं, आणि नणंद आजही भांडण झालं की नवऱ्याला 'इरादेवाले' म्हणते.

हे खूळ कुठून आलं, ते मी एकदा विचारलं. "अगं पोरी, मी उर्दूत शिकणारं पोरगं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान गेलं अन् बघता बघता पुस्तकं बदलली, भाषा बदलली, मास्तरसुद्धा बदलले. ज्याला त्याला विचारलं, आता पुढं काय? जो तो म्हणायचा, होईल ठीक. तेव्हापासून नुसत्या 'होईल'नं माझं पोट भरत नाय."

बाकी जग सरांना टाळू शकत होतं. सुमनकाकू कुठं जाणार? घरात दोघंच, मूलबाळ नाही. एका सकाळी काकू म्हणाल्या, "भाकरी टाकते." सरांनी चष्मा कपाळावर नेला असणार. भिंतीपलीकडून मला काकूंचा आवाज ऐकू आला, "भाकरी टाकते म्हणजे भाकरी टाकते! तुमचा तक्ता घाला चुलीत!" भाकरी झाली, सरांचं जेवण झालं, आणि दुपारी काकू पिशवी घेऊन करमाडला भावाकडे निघून गेल्या.

संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. तोंड उतरलेलं. "पोरी, ती 'जाते' म्हणाली."

आपल्यात घरातून निघणारं माणूस 'येते' म्हणतं. साधं दळण आणायला निघालं तरी. सरांच्या तक्त्यात या 'जाते'ला जागाच नव्हती. रोज सकाळी ते विचारायचे, "येईल का गं?" आणि मी म्हणायची, "येतील हो." कसलं येतील, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली.

शेवटी रविवारी त्यांना लुनावर मागं बसवलं आणि जालना रोडला लागले. चढ आला की सर उतरून चालायचे. चालता चालता काकूंना काय म्हणायचं याची तालीम, तीही इंग्रजीत.

काकू अंगणात सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत होत्या. "कशाला आलात?" सरांची तालीम तिथंच विरली. "जेवलात का?" काकूंनीच विचारलं. सरांनी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग ते तिथंच मातीत बसले आणि एक शेंग उचलली.

माझ्याच्यानं राहवेना. "काकू, घरी कधी येताय?"

"तिला काही विचारू नको," सर माझ्यावरच डाफरले. आयुष्यात पहिल्यांदा. "तू जा पोरी. मी राहतो इथं."

"अहो, पण अंगावरच्या कपड्यांनी?" मी म्हणाले.

काकू उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात सरांचा घडी घातलेला पायजमा, सदरा आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी.

"हे इथं कुठून आलं?" सरांनी विचारलं.

"निघाले तेव्हाच पिशवीत टाकलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही काय, येणारच होतात."

सर पायजमा मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. त्यांचा चष्मा भिजला आणि माझेही डोळे भरून आले. काकूंनी तेवढं शेंगांचं सूप त्यांच्याकडे सरकवलं.

"बसलात काय? सोला की."

"सोलतो," सर म्हणाले, आणि सोलायला लागले.