परसदार पक्षाच्या दुसऱ्या जागेची हकीकत

श्रीगजानन पाठीराखा, कुलस्वामिनी साक्षीस, आणि जो ऐकेल त्याची भाकरी तव्यावर न करपो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन मासी, समुद्रापलीकडे जो दक्षिण मुलूख, जेथे फाल्गुनात उन्हाळा सरतो आणि झाडे पाने राखून साली टाकितात, तेथील दिघे घराण्याच्या वडील मातुश्री द्वारकाबाई यांची तक्रार येणेंप्रमाणे, की सूनबाई वैजयंताबाई यांनी घरामागील परसदार फरशी घालून बुजविले आणि कोणास विचारिले नाही. त्यात मातुश्रींचा कढीपत्ता होता. तो मुळासकट उपटून कुंडीत खोचिला, आणि कुंडी गाडीच्या खोलीत अंधारात ठेविली, आणि तेथे तो वाळून काटकी जाहला. मातुश्री म्हणाल्या, "अगं, झाडाला हात लावायच्या आधी मला एक हाक मारायची होतीस. मी काय परगावी गेले होते? आत भाकऱ्याच थापत होते ना?" तेव्हां वैजयंताबाई फोनातून मान न काढिता बोलिल्या, "आई, वार्ताहर येतात. त्यांच्या टाचा मातीत रुततात. कॅमेऱ्यात बरं दिसत नाही." आता ऐकणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे, की ही जी बाई, ती त्या मुलखाच्या वरिष्ठ सभेत परसदार पक्षाच्या नावें बसती जाहली होती, आणि त्या पक्षाचा ब्रीदमंत्र एवढाच, की प्रत्येक घरामागे माती असावी, मातीत लिंबाचे झाड असावे, कपडे वाळत घालावयाची दोरी असावी, आणि उंच इमारती बांधणारांचे तोंड काळे व्हावे. त्या मंत्रावर निवडून आलेल्या बाईंच्या घरामागे फरशी. हे कसे घडले, ते मुळापासोन सांगणे आहे.

वैजयंताबाई प्रथम त्या मुलखी आल्या तेव्हां त्यांस राजकारणाचा गंध नव्हता. पती मुकुंदराव संगणकाच्या कारकुनीत गुंतलेले, सभ्य गृहस्थ, घरात दोन बायका बोलू लागल्या की हेडफोन लावीत. मग शेजारचे घर पाडून तेथे सात मजले उठू लागले, आणि दिघ्यांच्या दोरीवरचे ऊन गेले, आणि लुगडी वाळेनात, आणि मातुश्रींनी घर डोक्यावर घेतले. तेव्हां दाराशी ब्यारीसाहेब आले. हे परसदार पक्षाचे संस्थापक, तांबडे, ढेरपोटे, अर्ध्या विजारीत राजकारण करणारे, आणि आपण या मातीचे अस्सल पुत्र, असे दर वाक्यात एकदा सांगणारे. त्यांनी वैजयंताबाईंस पक्षात घेतिले. मातुश्रींनी त्यांस साबुदाण्याची खिचडी वाढिली आणि पाट मांडून बसलेल्यास जे विचारावयाचे ते विचारिले: मूळ गाव कोणते, वडील काय करीत, आईचे माहेर कुठले. सूनबाई मधे दुभाषी होत्या आणि लाजेने लाल होत होत्या. "आई, इथे असं विचारत नाहीत हो." "जेवायला बसतात ना? मग विचारतात." साहेबांनी मात्र मोठ्या हौसेने सांगितले, की आमच्या आईचे माहेर शेजारच्या बेटावर, जेथे माणसांहून मेंढ्या फार, आणि मी पहिला मुलगा, म्हणून ती बाळंतपणास आईकडे गेली होती, मी आजीच्या घरी जन्मलो, मग सहा आठवड्यांचा होऊन बोटीने इकडे आलो. तेव्हां मातुश्री संतोष पावल्या आणि म्हणाल्या, "बघ, रीत कळते यांना. पहिलं बाळंतपण माहेरीच हवं," आणि वाडग्यात आणखी एक डाव खिचडी घातली. सूनबाईंचे लक्ष भिंतीवरील इमारतीच्या नकाशाकडे होते, तोंड भाषांतर करीत होते, आणि कानाने जे घेतले ते डोक्यात ठेविले नाही.

त्या मुलखीचे मतदान असे, की जाणे सक्तीचे, न गेल्यास दंड, आणि एका पक्षास मत देऊन सुटका नाही. पक्षांस पसंतीने एक, दोन, तीन असे आकडे घालावे, आणि पहिला पडल्यास ते मत दुसऱ्याकडे जावे, दुसरा पडल्यास तिसऱ्याकडे. म्हणोन लहान पक्षांचे सारे जिणे तहांवर. तुम्ही आम्हांस दोन लिहा, आम्ही तुम्हांस दोन लिहितो, ऐसे वचन घ्यावयाचे. ही तहाची विद्या वैजयंताबाईंस अशी साधली, की जणू माहेरून घेऊन आल्या. मोटारसायकलस्वारांच्या पक्षाकडे चकल्या पोचल्या, मांजरप्रेमी पक्षाच्या धनीणबाईंच्या मांजराचे बारसे जाहले, आणि 'कर नको' नावाचा पक्ष फुटून त्याचे दोन जाहले तेव्हां दोहींकडे निरनिराळ्या दिवशी करंज्या गेल्या. मतदानादिवशी शाळेच्या पटांगणात लोक पावात गुंडाळलेले मांस खात रांगेत उभे राहात, त्या धुराशेजारी मातुश्री बटाटेवडे तळीत, कारण घरातील सारी मंडळी मत द्यावयास जात आणि मातुश्रींस मत नव्हते. मत का नव्हते, तेही सांगणे आहे. ज्या दिवशी मुकुंदराव आणि वैजयंताबाई यांनी त्या मुलखीची प्रजा होण्याची शपथ घेतली, आणि नगरपालिकेने प्रत्येकास एक रोप आणि खोबऱ्यात घोळलेला केक दिला, त्या दिवशी मातुश्री खुर्चीत बसून केक खाऊन आल्या, शपथ घेतली नाही. वैजयंताबाई जुना पासपोर्ट परत करिताना ढसाढसा रडल्या. मातुश्री म्हणाल्या, "रडतेस तर देतेस कशाला? मी नवरा एकच केला, मुलूखही एकच." आणि आपला निळा पासपोर्ट शालूच्या घडीत ठेवून दिला. रोप मात्र उचलून आणिले.

मग यादी लागे तेव्हां पहिली जागा ब्यारीसाहेबांची, दुसरी वैजयंताबाईंची. एका निवडणुकीस ऐसे जाहले, दुसरीस ऐसे, तिसरीस पुन्हा ऐसे. तह बाईंनी करावे, पत्रके बाईंनी वाटावी, आणि साहेबांनी मंचावर आपली तांबडी मान डोलवावी. मातुश्री विचारीत, "तू पहिली कधी?" तेव्हां भाषांतर ऐकून साहेब आपणच उत्तर देत, "मदर, दुसरी जागा मानाची असते. दुसरा पाठीशी उभा असतो, म्हणून पहिला पडत नाही." आणि खिचडी मागून घेत. सूनबाई मान डोलवीत. मातुश्री स्वयंपाकघरात येऊन तव्यास म्हणत, "पाठीशी उभं राहून पाठच दिसते."

तिसऱ्या खेपेस तह फळले. मांजरांची मते आली, मोटारसायकलींची आली, दोन्ही कर नको एकमेकांस शिव्या देत इकडेच आले, आणि ब्यारीसाहेब वरिष्ठ सभेत निवडले गेले. मोठी धामधूम जाहली. तेव्हां वृत्तपत्रातील एक बाई, भली मुलगी, घरी आली, की साहेबांच्या यशामागील स्वयंपाकघर पाहावे. मातुश्रींनी तिला खिचडी वाढिली आणि साहेबांची तोंडभर स्तुती केली, की माणूस खानदानी, आईने रीत पाळलेली, पहिले बाळंतपण माहेरी, शेजारच्या बेटावर. मुकुंदरावांनी हेडफोन काढून भाषांतर केले. बाईचा घास तोंडाशी थांबला. तिने पुन्हा विचारिले, "जन्म तिकडचा? नक्की?" मातुश्री म्हणाल्या, "मग काय बोटीत? आजीच्या घरी." आता त्या मुलखीचा मूळ कायदा ऐसा, की जो दुसऱ्या मुलखाचीही प्रजा असेल, त्यास सभेत बसता येणार नाही, मग त्यास ते ठाऊक असो वा नसो. आणि बेटावर जन्मला तो बेटाची प्रजा. साहेबांस उभ्या जन्मात हे सुचले नव्हते, कारण ते बेट त्यांस परमुलूख वाटतच नव्हते. परके म्हणजे दिघे, ऐसे त्यांच्या मनी. न्यायासनापुढे खटला गेला, साहेबांची जागा रद्द जाहली, मते पुन्हा मोजिली, आणि यादीतील दुसरे नाव सभेत गेले. वैजयंताबाईंनी पासपोर्ट रडत परत केला होता, तो असा कामास आला.

मग साहेब घरी आले. बेटाचे नाते त्यांनी कागदोपत्री तोडून टाकिले होते, आणि आता म्हणू लागले, "वैज, तू राजीनामा दे. तुझ्या रिकाम्या जागी पक्ष मला पाठवील, तसा कायदाच आहे. तू दुसरी होतीस, दुसरीच राहा. जागा माझी आहे." हाच माणूस वैजयंताबाईंस राजकारणात घेऊन आला होता, आणि उपकार त्यांस टोचीत होते. त्यांनी पेन उचलिले. तेव्हां मातुश्री ताटे मांडीत होत्या, त्या थांबून म्हणाल्या, "जागा याची असती तर हा तिच्यावर बसला असता. तह कुणी केले? करंज्या कुणी तळल्या? तू सही केलीस तर या घरात याला खिचडी मिळेल, तुला नाही." साहेबांस मराठी कळले नाही, पण ताट मागे ओढलेले कळले. वैजयंताबाईंनी पेन खाली ठेविले. साहेबांनी त्यांस पक्षातून काढिले, मग तिकडे पक्षच बाईंविना कोसळला, आणि बाईंनी त्या मुलखीच्या लहान पक्षांच्या रीतीप्रमाणे आपल्या नावाचाच पक्ष काढिला: वैजयंता दिघे यांचा परसदार पक्ष. फलकावर नाव मोठे, परसदार बारीक.

आणि मग काय सांगावे. सभेत दोन मोठे पक्ष तोलास तोल, आणि मधे बाईंचे एक मत, त्यामुळे मंत्री दाराशी येऊ लागले, आणि ज्यांच्या मांजराचे बारसे केले होते त्या मांजरवाल्या बाईंस भेटीची वेळ मिळेना. इमारती बांधणारांचे वकीलही आले, हसून बोलिले, हसून गेले. बाई घरी आल्या की दारातूनच हुकूम, आज वीस माणसं येणार, उद्या कॅमेरा येणार, ही साडी नको ती नेसा. मातुश्रींनी विचारावे, "जेवलीस का?" तर उत्तर, "माझ्या साहाय्यकाला विचारा." मग फरशी आली. मग कढीपत्ता गेला. तोवर ब्यारीसाहेब, पदाविना आणि पक्षाविना, रविवारी मुकाट्याने मागल्या दाराने खिचडी खाऊन जाऊ लागले, आणि मातुश्रींनी वाढिली, कारण हरलेल्या माणसाचे ताट कोणी ओढीत नाही.

मग पुन्हा निवडणूक आली, आणि शाळेच्या सभागृहात पक्षाचा मेळावा जाहला. त्या मुलखी कायदा ऐसा, की यादी करावयाची तर किमान दोन नावे लागतात, एकट्याचे नाव कोपऱ्यात पडते आणि कोणाच्या नजरेस येत नाही. अर्ज दुसऱ्या दिवशी दुपारी बंद होणार. बाईंस दुसऱ्या जागेस ऐसे माणूस हवे होते, जे पुढेमागे पहिली जागा मागणार नाही. हाताखालच्या ज्या कोणा हुशार मुली होत्या, त्यांची नावे त्यांनी एकेक करून खोडिली, हुशार म्हणोनच. मग मंचावर उभ्या राहून, कॅमेरे लागलेले, बाईंनी पुकारिले, की दुसऱ्या जागेवर माझ्या सासूबाई, द्वारकाबाई दिघे, ज्यांनी मला घडविले. टाळ्या पडल्या. मातुश्री पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांस हे ठाऊक नव्हते. मुकुंदरावांनी हेडफोन काढिले आणि पुन्हा घातिले. सूनबाई मंचावरून खाली आल्या, मातुश्रींचा हात धरिला आणि मराठीत हळूच म्हणाल्या, "आई, उठा ना. दुसरी जागा मानाची असते. दुसरा पाठीशी असतो, म्हणून पहिला पडत नाही."

तात्पर्य हे, की त्या मुलखी दिघ्यांच्या सुनेने मांजरे जोडिली, मोटारसायकली जोडिल्या, फुटलेले दोन्ही कर नको जोडिले, एक तांबडा साहेब कायद्याने पडला, आणि पहिल्या जागेवर बसताच त्या साहेबाचेच वाक्य तोंडी घेतले. पुढील यश-अपयश दैवाधीन. मातुश्री उठल्या, माइक कोणी पुढे केला तो त्यांनी हाताने बाजूस सारिला, कारण त्यांस त्याची गरज नव्हती, आणि सूनबाईंस साऱ्या सभागृहादेखत बोलिल्या ते ऐसे:

"माझा पासपोर्ट निळा आहे, वैजू. शालूच्या घडीत आहे. तू शपथ घेतलीस तेव्हां मी शेजारी बसून केक खात होते. दर मतदानाला तू आत मत देतेस आणि मी बाहेर वडे तळते, ते काय मला हौस म्हणून? ज्या खड्ड्यात तो पडला, तोच खड्डा तू माझ्या नावाने खणलास, आणि खणायच्या आधी मला एक हाक मारली नाहीस. कढीपत्त्यालाही नाही मारलीस. इतकी वर्षं तू दुसरी होतीस, दुसऱ्याला कुणी काही विचारत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? पहिली झालीस आणि तूही विचारलं नाहीस. तो बघ ब्यारी, मागच्या रांगेत चकली खातोय. त्याचं बेट सुटलंय, तो बसू शकतो दुसरा. उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. जा, पण आधी त्याला जेवलास का विचार, मग जागेचं विचार. आणि घरी गेल्यावर ती फरशी उखड."