भोयर काकाजींची ऑनलाइन हजेरी

सकाळी दूधवाला येऊन गेला, की आमचे शेजारी गुणवंतराव भोयर मोबाइल हातात घेतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि इंटरनेटवरच्या आपल्या पेजवर लिहितात : "आज उपस्थित आहे. – गु. म. भोयर, फ्रीलान्स लेखक, बोरगाव मेघे, वर्धा." एवढंच. मग मोबाइल बाजूला ठेवून चहा घेतात.

याच्या मुळाशी एक व्हिडिओ आहे. काकाजी एका शाळेत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर लेखक व्हायचं, हे त्यांनी नोकरीत असतानाच ठरवून टाकलं होतं. लग्नपत्रिकेचा मजकूर, मानपत्र, निरोप समारंभाचं भाषण, वधूवरांचे बायोडाटे, जे पाहिजे ते लिहून मिळेल. पण गिऱ्हाईक यायचं कुठून? व्हिडिओतल्या मुलानं सांगितलं, की फ्रीलान्स लेखकाला ऑनलाइन प्रेझेन्स हवा, आणि तो रोज हवा. ज्याची हयात हजेरीपटात गेली, त्या माणसानं याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

"प्रेझेन्स म्हंजे उपस्थिती," ते मला म्हणाले. "त्यात काय अवघड आहे, प्रोफेसर? मी तं नोकरीत एक लेटमार्क नाई लागू देल्ला."

मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. मला प्रोफेसर म्हणणारे जगात काकाजी एकटेच. मी त्यांना समजावून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. बाहेरगावी जायचं असेल, तर आदल्या दिवशी पेजवर रजेचा अर्ज येतो. "आष्टी येथे भाचीचे लग्न असल्याने उद्या पेजवर उपस्थित राहू शकणार नाही. किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही विनंती." खाली गल्लीतले लोक 'मंजूर' असं लिहितात आणि काकाजी प्रत्येकाचे आभार मानतात. एकदा एका टवाळानं 'नामंजूर' लिहिलं. काकाजी त्याच्या घरी गेले, त्याच्याकडून मंजुरी लिहवून घेतली आणि मगच एसटीत बसले. मामा पोचले तेव्हा भाचीच्या पंगती उठत होत्या. पेजवरचा त्यांचा फोटोसुद्धा साक्षांकित आहे. त्याच्यावरची आडवी सही माझी.

पेजवर नंबर दिलाय म्हटल्यावर फोन येतातच. "लिहून देनारे तुमीच का? सातबाऱ्यात नाव चुकलं आमचं, अर्ज पाह्यजे होता."

"मी अर्ज नाई लिहीत, साहित्य लिहितो," असं काकाजी ताडकन सांगतात. मग अर्ज लिहून देतात.

साहित्यात मात्र त्यांचा नियम कडक आहे : मनचं एक अक्षर टाकायचं नाही. एका वरपित्यानं हौसेनं मुलाचा बायोडाटा लिहायला दिला. काकाजींनी वरपित्याच्या गल्लीत रीतसर चौकशी केली आणि लिहिलं : "मुलगा निर्व्यसनी आहे, खर्रा वगळता. स्वभाव रागीट, परंतु जेवणानंतर शांत होतो." वरपिता भांडायला आला. "यात खोटं काय आहे, ते सांगा," काकाजी म्हणाले. त्यानं बायोडाटा दुसरीकडून लिहून घेतला.

अशी सगळी कीर्ती. सुलोचनाकाकू गेल्यापासून काकाजी घरात एकटे असतात. कोणीतरी एकदा लेखक म्हणून आपल्याला विचारावं, एवढी एकच आस. ती पुरी झाली पुण्याहून आलेल्या एका फोननं.

फोन वानखेडे नावाच्या इंजिनिअरचा होता. हिंगणघाटला राहणारी त्यांची आई वारली होती, वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. नातेवाइकांना फोटो पाठवायचा, त्याखाली मजकूर हवा. "प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक, असं काहीतरी लिहा," ते म्हणाले.

"मेल्यावर तं सगळेच मनमिळाऊ असतात," काकाजी म्हणाले. "तुमच्या आईले राग कशाचा ये, ते सांगा."

वानखेड्यांनी आठवून पाहिलं. बारावीनंतर पुण्याला गेलेला मुलगा. शेवटी म्हणाले, "नक्की माहीत नाही हो."

दुसऱ्या दिवशी पेजवर सूचना आली : "कामानिमित्त हिंगणघाट. ही रजा नसून दौरा समजावा." दौऱ्यात मलाही ओढलं. वानखेड्यांच्या आईच्या घराला कुलूप होतं, पण शेजारच्या बाईंनी आम्हाला बसवून घेतलं.

"भांडकुदळ होती बाप्पा!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "सांबारासाठी भाजीवाल्याशी रोज भांडे. अन् त्याच सांबाराच्या वड्या करून त्याले खाऊ घाले." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. "अन् सांजच्याले पुन्याची ट्रॅव्हल्स गेली का म्हने, गेली माह्या पोराच्या गावची गाडी. मंगच देवाजवळ दिवा लावे."

काकाजींनी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. 'भांडकुदळ' तेवढं काढा, असं मी सुचवलं.

"काऊन? होती ना?"

मजकूर गेला त्याच दिवशी वानखेड्यांचा फोन आला. पुण्यात घासूनपुसून घेतलेली त्यांची भाषा पार गळून पडली होती. "मले यातलं काईच मालूम नव्हतं हो," म्हणत तो मोठा माणूस रडत होता. कोणाचं वाक्य पुरं होऊ न देणारे काकाजी नुसते "हाव, हाव" करत राहिले. शेवटी वानखेडे म्हणाले, मी तुमच्या पेजवर चांगलं लिहितो.

"नोको," काकाजी म्हणाले. "माउलीच्या श्राद्धावर माही जाहिरात नोको."

तेव्हापासून दर रविवारी वानखेड्यांचा फोन येऊ लागला. काकाजी, आई अजून काय म्हणायची? काकाजी पुन्हा हिंगणघाटला गेले, मग आणखी एकदा गेले. जे ऐकलं ते रविवारी सांगत राहिले.

एका शनिवारी संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसले. "हिंगनघाटच्या बाईले आता काई आठवत नाई. सांगायले काई उरलं नाई, तं तो कायले फोन करीन?" चहा तसाच ठेवून म्हणाले, "मी रविवारची लय वाट पाह्यतो, प्रोफेसर. कोनी एवढं बोलत नाई माह्याशी."

मला फार वाईट वाटलं. मी त्यांचा गार झालेला चहा पुन्हा गरम करून आणला.

रविवारी मी कुंपणाजवळच्या झाडांना पाणी घालत होतो. काकाजी ओट्यावर बसले होते आणि फोन स्पीकरवर होता.

"तुमची आई ना," काकाजी सांगत होते, आधी अडखळत, मग बऱ्यापैकी रंगात येऊन, "उन्हाळ्यात सांज झाली का अंगनात सडा टाके. मंग बाज टाकून बसे. जाईचा वेल होता तिथं, त्याच्याखाली. अन् तुमचं लहानपन सांगत बसे आल्यागेल्याले."

मी ते घर पाहिलं आहे. दार उघडलं की थेट रस्ता. अंगण नाहीच.

त्याच घरात लहानाचे मोठे झालेले वानखेडे म्हणाले, "हाव काकाजी. मंग?"