खेमसिंगच्या छातीचा फोटो

छातीचा फोटो काढायचा तर यंत्र पाठीमागे कशाला, हे खेमसिंगला काही केल्या पटेना.

खोकला हटेना म्हणून थोरल्या मुलानं, हरिसिंगनं, त्याला तांड्यावरून यवतमाळच्या एका दवाखान्यात आणलं होतं. फोटोवाला घनश्याम नुकताच शिकून आलेला, नियमाचा पक्का.

"बाबा, छाती या फळीला टेकवा. हनुवटी वर. हात कमरेवर, कोपरं पुढं."

"तांड्यावर फोटोवाला आलता, तो तं समोर उभा होता."

"तो तोंडाचा फोटो होता. अंगावर धातूचं काही आहे? ताईत, चांदी?"

"नाही," खेमसिंग चटकन म्हणाला. "बंडी राहू द्या. थंडी वाजते."

बंडी सुती होती, तिला गुंड्या नव्हत्या, नुसते बंद होते. घनश्यामनं ती राहू दिली.

त्या बंडीच्या आतल्या खिशात जमनीची भुरिया होती. जमनी म्हणजे खेमसिंगची बायको. मागच्या पोळ्याला ती गेली आणि तिच्या नाकातली ही सोन्याची भुरिया त्याच आठवड्यात घरातून नाहीशी झाली. थोरली सून लालीबाई धाकट्या सोनीबाईचं गाठोडं चोरून सोडून पाही. सोनीबाई लालीबाईच्या ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घाली. येत्या सोमवारी घराच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं होतं. खेमसिंग गप्प होता. भुरिया काढली की ती कोणातरी एकीच्या नाकात जाणार, आणि ते त्याला बघवणार नव्हतं.

आता त्यानं मनाशी ठरवलं, यंत्र मागे म्हणजे ते पाठ पाहणार. खिसा पुढे आहे. भ्यायचं कारण नाही. पण मागचा माणूस काय करतो, याचा काय भरवसा?

"श्वास घ्या. भरपूर. धरा!"

खेमसिंगनं श्वास घेतला आणि गर्रकन मागे पाहिलं.

"हाललात! गेला फोटो!"

"तुम्ही आडोशाले काहून लपले?"

"लपलो नाही, तसा नियम आहे!"

दुसऱ्या वेळी हरिसिंगनं दटावलं म्हणून खेमसिंग हलला नाही. घनश्याम अंधाऱ्या खोलीत गेला, आणि ओला फोटो घेऊन धावतच बाहेर आला.

"बाबा, फासळ्यांत हे कडं कायचं?"

हरिसिंगनं उजेडाशी पाहिलं. गोल कडी, खाली तीन मणी. "हे तं आमच्या याडीची, मायची भुरिया!"

खेमसिंगचा हात खिशाकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला. "जेवता जेवता गिळल्या गेली असंल," तो म्हणाला.

"गिळली असती तं पोटात दिसली असती," घनश्याम म्हणाला. "हे फुफ्फुसात आहे. तरीच खोकला! आजच नागपूरले न्या. छाती उघडा लागंल."

हरिसिंग मटकन खाली बसला. "साहेब, बा वाचंल ना?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते काही खेमसिंगला सोसवलं नाही. त्यानं खिशात हात घातला आणि भुरिया टेबलावर ठेवली.

"वर्षभर!" हरिसिंग उठला. "घरात भिंत उभी होऊन राह्यली, अन् तू खिशात घेऊन बसला? बोलला काहून नाही?"

"कोणाले देऊ? एकीले देली तं दुसरी रडंल. अन् मले..." खेमसिंगला खोकला आला.

घनश्यामनं बंडी उतरवायला लावली आणि भुरिया फळीच्या वर, भिंतीच्या खिळ्याला अडकवली. "हनुवटी वर, बाबा. तिकडंच पाहा."

या वेळी खेमसिंग तसूभर हलला नाही. फोटो लख्ख आला. छाती साफ होती. खोकला विडीचा निघाला. भुरिया पुन्हा बंडीच्या खिशात गेली.

भुरिया उमटलेला फोटो हरिसिंगनं मागून घेतला आणि घरी आल्याबरोबर दारातल्या उन्हात धरून झालेलं सगळं सांगितलं. दोन्ही सुना वाकून पाहू लागल्या. मग त्यांनी वर्षभरानंतर एकमेकींकडे नीट पाहिलं, आणि दोघी मिळून सासऱ्याकडे वळल्या.

"मामाजी," लालीबाई म्हणाली, "बंडी काढा. धुवायची आहे."

खेमसिंगनं श्वास धरला.

"अन् खिशातली तुमच्यापाशीच ठेवा," सोनीबाई म्हणाली. "आमच्याकडं आली, की पुन्हा हरवंल."

खेमसिंगनं श्वास सोडला.