एक काना जास्त

"भाऊसाहेब, हा तिसरा उतारा. आता तलाठ्याकडचे कागद संपत आले," असं म्हणत सईदाने सातबारा टेबलावर आपटला.

कचेरीतल्या कारकुनाने, आत्माराम भाऊसाहेबांनी, चष्मा कपाळावर चढवला. "भाभी, उतारा नव्हे. उतार. उताराचा दाखला. डोंगर किती उतरता हाय त्याचा."

"मग पहिल्याच दिवशी तसं का नाय सांगितलात?"

"तसंच सांगितलं. तुमी एक काना जास्त ऐकलात."

सईदाचं डोकं भडकलं. एका कान्यापायी तीनदा तलाठ्याच्या दारात उभं राहायचं? आणि मागणं तरी काय मोठं होतं! तिचं घर खाडीकाठच्या डोंगरावर. तिथून रस्त्याला यायचं तर चौऱ्याऐंशी पायऱ्यांची घाटी. गुडघे गेल्यापासून सासूबाई, कौसरबी, चौदा महिने खाली उतरल्या नव्हत्या. रस्त्यालगतचा डोंगर जरा कापायचा, जागा सपाट करायची नि त्यांच्यापुरती एक खोली बांधायची, एवढंच. म्हणजे म्हातारीला सगुणा मासेवालीच्या टोपलीतला मासा स्वतः कल्ले उघडून घेता आला असता. चौदा महिने सईदाने आणलेला प्रत्येक मासा त्यांच्या मते कालचा होता.

पण गेल्या पावसाळ्यात चार ठिकाणी दरडी आल्या आणि कचेरीला अचानक डोंगर दिसायला लागले. आता कुदळ लावायची तर परवानगी.

"आणि हरित इमारतीचा फॉर्म?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"आमचं घर हिरवंच हाय. दारं, खिडक्या, सगळं. वाटलंच तर अजून एक हात मारते."

"रंग नव्हे हो! पर्यावरण. पावसाचं पाणी साठवता?"

"पन्हळीखाली पिंपं हायत."

"सामान जवळपासचंच?"

"नवरा कुवेतला हाय म्हणून चिरे पण तिकडूनच मागवू?"

"झाडं राखणार?"

"फणस वाचावा म्हणून खोलीच तिरकी घेतलीय."

सगळीकडे 'होय' लिहून भाऊसाहेब म्हणाले, "ही नवीन पद्धत हाय, भाभी. लोकांना शिकवायला लागते."

सईदाने सातबारा उचलून पिशवीत टाकला. "तो उताराचा दाखला देतो कोण?"

"साहेब. जागा बघून. फाइल आत गेली की येतील."

साहेबांची खोली भाऊसाहेबांच्या खुर्चीपासून सहा पावलांवर होती. ती सहा पावलं जायला फाइलीला महिना पुरेना.

शेजारच्या गुणवंतीने हे सगळं ऐकलं, आणि तिने पण एक काना जास्तच ऐकला. "तो माणूस उठल्याबसल्या उतारा मागतोय, नि तू कागद देतेस? अगो, फाइलीला बाधा हाय ती! चल, मी देते उतारा."

दुसऱ्या दिवशी दोघी कचेरीत. सईदा नको नको म्हणेपर्यंत गुणवंतीने फाइलीवरून तीनदा ओवाळून केळीच्या पानात भात, काजळाचं बोट लावलेलं लिंबू आणि चिमूटभर गुलाल भाऊसाहेबांच्या पुढ्यात ठेवला.

भाऊसाहेब खुर्चीसकट मागे सरकले. "हे काय!"

"उतारा," गुणवंती म्हणाली. "मागत होतात ना?"

"उचला आधी!"

"मी नाय उचलणार. ठेवलेला उचलत नाय."

शिपाई तर दारातूनच परत फिरला. दुपारपर्यंत त्या टेबलाकडे कुणी फिरकेना. शेवटी भाऊसाहेबांनी हात जोडले. "भाभी, तुमी तरी उचला."

"उचलते की," सईदा म्हणाली. "साहेबांना जागेवर पाठवता कधी?"

साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी हजर! वरून कौसरबींनी चहाला हाक मारली, म्हणून बिचारे चौऱ्याऐंशी पायऱ्या चढले. उतरताना मात्र धरायला काहीच सापडेना. पंचविसाव्या पायरीपासून ते एकेक पायरी बसून, सरकत खाली आले. खाली पोचल्यावर टेप बाहेर काढलाच नाही. पँट झटकून त्यांनी तिथेच लिहिलं, 'उतार आहे. भरपूर आहे.'

आठवड्याभराने परवानगी आली. सईदाने सासूला मोठ्याने वाचून दाखवली, "अर्जदारास सदर जागेतील उतारा सपाट करण्यास परवानगी देण्यात येत आहे." मग ती थांबली. तिचे कान लाल झाले. "उतारा! डोंगर नाय, सातबारा सपाट करायला सांगतायत! आणि मला म्हणे एक काना जास्त! जातेच उद्या. आता त्या टेबलावर नारळच फोडते!"

"बस खाली, सईदे," कौसरबी म्हणाल्या. "गेलीस की परत अर्ज, परत महिना. आपला जास्तीचा काना त्यांनी चालवून घेतला नाय. आपण त्यांचा घेऊ. बाबल्या गड्याला सांग, उद्या पहार घेऊन ये म्हणावं."

"आणि कुणी विचारायला आलं तर?"

"ते तीन सातबारे माझ्या गादीखाली घाल. आलाच कोण तर काढून दाखवू. बघा म्हणावं, सपाट केलेत."

विचारायला कुणी आलं नाही. चार माणसांनी कौसरबींना खुर्चीत बसवून खाली आणलं, तेव्हा खोली फणसाच्या सावलीत तिरकीच, पण भक्कम उभी होती. दुसऱ्या सकाळी सगुणाची टोपली दारात उतरली. कौसरबींनी एकेका बांगड्याचे कल्ले उघडले, डोळे दाबले, घासाघीस केली, सगुणाला तिच्या आईची आठवण करून दिली आणि पाच बांगडे घेतले.

दुपारी पहिला घास तोंडात घालून त्या बराच वेळ चावत राहिल्या. सईदा समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"काय झालं, अम्मा?"

"काय नाय गो," कौसरबी काटा बाजूला काढत म्हणाल्या. "उद्यापासून तूच घे. तू आणायचीस ते ताजे असायचे."