खाटेजवळची पाटी

"दर दोन तासांनी कूस बदला. एकाच अंगावर पडून राहिले तर जखम होईल, आणि जखम चिघळली तर पुन्हा दवाखाना!" डॉक्टरांनी चांगुणेला बजावलं. डावं अंग लुळं पडलेल्या सहादूला तिनं नुकतंच घरी आणलं होतं. ती शाळेत शिपाईण. दहा ते पाच नवऱ्याला वळवणार कोण?

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर सहादूबरोबर राबलेला फकिरा म्हणाला, "वहिनी, बॉयलर सांभाळला, मानूस नाय व्हय सांभाळायचा? पाळ्या लावू!"

बाराला फकिरा, दोनला शेजारच्या लंकाबाई, चारला बॉयलरवरचाच पुंजा. वीजकेंद्राच्या रिवाजानं उशाशी पाटी लटकली : कूस कोणती, वळवलं किती वाजता. पाटी बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

पाटी चोख राहिली. तरी पंधरवड्यात सहादूच्या डाव्या खुब्यावर लाल चट्टा उठला. खाटेभोवती चौकशी बसली.

"म्या बाराला आलो, तर पाटीवर बारा आधीच! वाटलं, लंकाबाईनं वळवलं."

"मी कशाला? मला दोनला दोन दिसले. मी आपली चहा पाजून गेले."

"मंग काय भुतानं लिव्हलं?" पुंजा खवळला.

चांगुणेचं लक्ष खाटेकडे गेलं. नवऱ्याच्या धड हाताची बोटं पांढरी होती. मिशीलाही खडू लागला होता.

सगळे गेल्यावर तिनं विचारलं, "अहो, जिवावर उठलात का स्वतःच्या?"

"दुसऱ्या कुशीला भिंत हाय गं. तिकडं तोंड केलं की मेल्यागत वाटतं. इकडं खिडकी. एकलहऱ्याचा धूर दिसतो."

रागवायचं ठरवलेली चांगुणा उठली आणि तिनं खाट ओढून खोलीच्या मधोमध आणली. आता एकीकडे खिडकी, दुसरीकडे चूल. पाटी दाराशी टांगली. चट्टा हळूहळू फिका पडला.

मग एका रविवारी, ती दिवसभर घरी असताना, उजवा खुबा लालसर दिसला.

"अहो, खिडकीकडे वळवते."

"आत्ताच तर वळवलंस!"

"तीन तास झाले. इकडे काय बघताय एवढं?"

सहादूनं चुलीकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "इकडं बी धूरच."

चांगुणेनं त्याला वळवलं, उशी नीट केली. मग भाजीची टोपली आणि विळी उचलून, खाटेला वळसा घालून, ती खिडकीखाली जाऊन बसली.