महाराजांच्या फटफटीस तंबू निवडिला त्याची हकीकत

श्रीगजवदनास नमन, शारदेस नमन, आणि ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही त्या समस्त वाटसरूंसही नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी, एका राज्यात, ज्याचे नाव घेतले तर लिहिणाराची धडगत नाही, तंबूवरून थोर प्रसंग गुदरला, तो स्वस्थ बसोन परिसावा.

त्या गादीची रीत ऐशी होती की गादीवर बसलेल्याची मान कोणापुढे, कशापुढे लवू नये. म्हणोन राजवाड्याचे दरवाजे हत्ती अंबारीसुद्धा जाईल इतके उंच, आणि महाराजांनी जन्मात आपल्या जोड्याचे बंद आपण बांधिले नाहीत, आणि हातून चमचा पडला तर तो उचलावयास निराळा मानकरी. ऐशात शेजारचे राजे फटफटीवर स्वार होऊन उत्तरेस बर्फाच्या घाटापर्यंत गेले आणि तेथे तंबूपुढे उभे राहून फोटो काढविला आणि तो मुद्दाम इकडे धाडिला. फोटो पाहताच महाराजांच्या तळपायाची आग मस्तकास गेली. आज्ञा जाहली की, "आम्हीही जाणार, आणि फटफटीवरच जाणार. तंबू पाहा!" मग दरबारात एकच धांदल उडाली, कारण तो घाट कोणीच पाहिला नव्हता आणि मत मात्र प्रत्येकास होते.

तंबू, कनाती, सतरंज्या यांचे खाते म्हणजे फरासखाना, आणि त्याचे दरोगे धाकोजी नाईक. आजा आणि बाप राजवाड्याच्या अंगणात तंबू उभारीत आणि उतरवीत म्हातारे जाहले, धाकोजींचेही केस त्यातच पिकले, पण वेशीबाहेर पाऊल म्हणून पडले नाही. त्यांची एकच हौस होती की, मरण्याआधी डोंगरावरचे बर्फ या डोळ्यांनी पाहावे. आता फटफटीवर महाराजांच्या मागे जागा एक. ती तंबूने खाल्ली तर दरोगे घरी, आणि तंबू लहान निघून तो उभारावयास माणूस लागला तर दरोगे घाटावर. म्हणोन दरबार तंबू निवडीत होता आणि धाकोजी आपली बसावयाची जागा निवडीत होते. घरी सगुणाबाई म्हणाल्या, "बर्फ पाहून काय दिवे लावणार आहात? सरबतवाल्याकडे ढीगभर पडलेय." धाकोजी बोलिले, "ते भुशातले गं. मला आभाळाला टेकलेले पाहायचेय." तेव्हा बाईंनी उठोन लोकरीचा गळपट्टा विणावयास घेतला.

मग सौदागर आले. पहिल्याने डेरा आणिला, तो इतका प्रशस्त की दिवाण अंतोबा आत शिरोन फेऱ्या मारू लागले आणि म्हणाले, "वा वा! महाराजांस ताठ उभे राहता येईल, दोन खिडक्या आहेत, एकीतून आम्ही मुजरा करू." मग तो गुंडाळून फटफटीवर लादिला, तो मागची जागा गेलीच, वरती पुढचे चाकही अधांतरी राहिले आणि दिव्याचा झोत छतावरच्या झुंबरास लागला. महाराज म्हणाले, "आम्ही रस्त्याने जाणार की आभाळाने?" डेरा परत गेला आणि धाकोजींनी सुटकेचा श्वास टाकिला. दुसऱ्याने तबकडीसारखी चकती आणिली आणि म्हणाला, "हवेत फेकावी, तंबू आपला आपण उभा राहतो, माणूस नको की खुंटी नको." हे ऐकताच धाकोजींनी कपाळास हात लाविला. चकती फेकिली, ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फाडकन उघडली आणि दिवाणांची पगडी घेऊन उभी राहिली, आणि सर्वांनी टाळ्या पिटिल्या. परंतु मिटावयाची वेळ आली तेव्हा दोन सरदार झटून थकले, तिसरा वरती बसला, तोही उडाला, आणि सौदागर घाम पुसत म्हणाला की, "मिटण्याची युक्ती विकणाराकडे नसते, करणाराकडे असते." धाकोजींनी मनातल्या मनात देवास नारळ बोलिला.

तिसऱ्याने लहानशी राहुटी आणिली, गुंडाळली की बगलेतल्या लोडाएवढी. सौदागर म्हणाला, "दोन माणसांची." दिवाण आत निजून पाहते जाहले, तेव्हा कळले की सौदागरांच्या भाषेत दोन माणसे म्हणजे एक माणूस आणि त्याचे जोडे. तरीही वाऱ्यास टिकेल, पावसास पुरेल, आणि काठ्या जोडून खुंट्या ठोकावयास जाणता माणूस पाहिजे, ऐसे सौदागराने म्हणताच धाकोजी सर्वांआधी "हीच! हीच!" ऐसे ओरडिले. तो राजोपाध्ये नरहरभट दणक्याने उठोन म्हणाले, "अरे, दार पाहा! गुडघ्याएवढे! महाराज यात रांगत जाणार? गादीची मान एका कापडापुढे लवणार?" झाले! दरबार हादरला, कोणी कानांवर हात ठेविले, आणि राहुटी सौदागरासह हाकलावी ऐसे ठरू लागले.

धाकोजींनी पाहिले की हातातोंडाशी आलेला घास चालिला. मग पुढे होऊन म्हणाले, "भटजी, लवणे कशास म्हणावे? समोरच्याच्या खाली मान गेली तर लवणे. समोरचाच भुईसपाट असला तर?" नरहरभटांनी डोळे मिटिले, शास्त्र आठविले, न आठवले तेथे रचिले, आणि निर्णय दिला की, महाराज शिरताना आणि निघताना दारापुढे एक मनुष्य पालथा पडोन नाक मातीस लावील तर महाराज लवले ऐसे होत नाही, उलट तोच लवला ऐसे होते. महाराजांनी विचारिले, "आणि पडणार कोण?" धाकोजी म्हणाले, "सरकार, मी आहे ना!" दरबाराने धन्य धन्य केले, आणि ज्या गाढवपणाची इतकी वाखाणणी जाहली तो गाढवपणा आपल्याच बोकांडी बसला, हे धाकोजींस तेव्हा उमगले नाही.

मग मोहीम निघाली. वाटेने धाकोजींनी काय पाहिले? महाराजांची पाठ. पाठ रुंद होती, डगला जाड होता, आणि जे थोडे बाजूने दिसावे ते दिवसभर ढगांत बुडालेले. रोज सांज होता ढग फाटत, उन्हे डोंगरास लागत, वाटेवरचे लोक "अहाहा!" म्हणत, आणि नेमके तेव्हाच महाराजांस आत जावयाचे असे. धाकोजी पालथे पडत. ऐसे करता त्यांनी चिखल पाहिला, खडी पाहिली, शेळ्यांच्या लेंड्या तर फार जवळून पाहिल्या, आणि महाराज आत गेले की ढग पुन्हा मिटत. मग फटफटीशेजारी ताडपत्री ओढून निजताना त्यांस रडू येई. पण बोलतात कोणास? युक्ती स्वतःचीच.

शेवटी घाटमाथा आला. तेथे परमुलखीचे पुष्कळ फटफटीवाले तंबू ठोकून चहा पीत होते, आणि महाराजांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. धाकोजींनी राहुटी उभारिली, तो वारा सुटला आणि गारा पडू लागल्या, आणि महाराज कुडकुडत म्हणाले, "दरोगे, पडा!" धाकोजी पडिले. महाराज गुडघ्यांवर आले, कोपरांवर आले, आणि डोके दारात घातले, तो डगला दारात अडकला आणि अर्धे महाराज आत, अर्धे बाहेर, ऐशी स्थिती जाहली. इतक्यात गारा थांबल्या, समोरचे ढग वर सरकले, आणि चहावाल्यांत एकाएकी सामसूम जाहली. धाकोजींचे नाक चिखलात होते. त्यांनी विचार केला, आणि खरे सांगावे तर विचार केला नाही. ते उठोन उभे राहिले.

समोर बर्फ होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उन्हात पेटलेले, इतके उंच की पाहता पाहता त्यांची मान मागे मागे गेली आणि टोपी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते गळपट्ट्याने पुसावयाचेही भान नव्हते.

आतून महाराजांचा गुदमरलेला आवाज आला, "दरोगे! लवलात ना?"

"लवलो, सरकार."

"नाक मातीस लागले?"

धाकोजी वर पाहतच बोलिले, "लागले, सरकार. सावकाश जावे. काही घाई नाही."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. महाराज स्वराज्यी परतले, नौबत झडली, आणि गादीची मान घाटमाथ्यावरही लवली नाही ऐसे दरबारात जाहीर होऊन दरोग्यांस शेला मिळाला, तो त्यांनी खाली मान घालून घेतला.